बटण दाबलं आणि गाडी गप्प: हॉर्न का वाजत नाही?

या भागात आपण गाडीच्या हॉर्नबद्दल बोललो. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, किंवा बॉनेट उघडून मोबाइल समोर ठेवून एकेक पायरी करून बघायचीय, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलण्यातलं पाल्हाळ कमी केलंय, आकडे तपासून घातलेत. बाकी जसं बोललो तसंच आहे.

सुरुवात त्या रात्रीपासून करतो.

डिसेंबरचा महिना होता. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची तपासणी बार्शीत होती. नंबर लागायला उशीर झाला आणि कुर्डुवाडीकडे परत निघालो तेव्हा आठ वाजून गेले होते. त्या दिवसांत आपल्या भागातल्या रस्त्यावर काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. कारखाने सुरू, उसाने भरलेल्या ट्रॉल्या, एकामागे एक दोन-दोन जोडलेल्या. मागे कधी लाल कापड, कधी तेही नाही. शेंद्री मागे पडली आणि थोड्या वेळाने उजवीकडच्या शेताच्या वाटेनं एक ट्रॅक्टर रस्त्यावर यायला लागला. त्याचा ड्रायव्हर मान वळवून मागच्या ट्रॉल्या बघत होता, त्याचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. मी हॉर्न दाबला.

काहीच नाही. पुन्हा दाबला. नुसतं प्लास्टिक दबल्याचं हाताला कळलं.

मग ब्रेक. गाडी थांबली तेव्हा ट्रॅक्टरचं पुढचं चाक आमच्यापासून चार-पाच हातांवर असेल. आई पुढच्या सीटवर आदळली नाही, कारण तिला पट्टा लावायला लावला होता. पण डोळ्यावरचा काळा चष्मा उडून खाली पडला. तिनं आधी डोळा चाचपला आणि मग एवढंच विचारलं, "हॉर्न का रं वाजवला नाहीस?"

या प्रश्नाचं उत्तर म्हणजे हा भाग. आणि एक कबुली आधीच देऊन टाकतो. त्याच्या आठवडाभर आधी बाजारात एकदा हॉर्न वाजला नव्हता. दुसऱ्यांदा दाबल्यावर वाजला, म्हणून मी सोडून दिलं.

मी आधी काय चुकीचं केलं

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरळ स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो, हॉर्नची नवी जोडी आणली, ग्रीलमागे बसवली आणि बटण दाबलं. तीच शांतता. पैसे गेले आणि दुखणं जागेवर.

आमच्या शेजारी एक काका राहतात, रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. कुर्डुवाडीत अशी माणसं गल्लोगल्ली आहेत. हे गाव वाढलंच रेल्वेवर. १८९७ मध्ये इथून बार्शीला नॅरोगेज लाइन सुरू झाली, बार्शी लाइट रेल्वे, तेव्हा आपल्या स्टेशनला 'बार्शी रोड' म्हणायचे. तर काका कुंपणावरून माझी खटपट बघत होते. म्हणाले, "काय करायलास सकाळपासनं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "पार्ट बदलून बिघाड सापडत नसतो. आधी ऐक, मग उघड."

पुढचं सगळं या वाक्यावर उभं आहे.

हॉर्नपर्यंत करंट कसा पोचतो

बहुतेक गाड्यांत हॉर्नचे दोन रस्ते असतात, एक मोठा आणि एक छोटा.

मोठ्या रस्त्यावर खरा करंट वाहतो. बॅटरीतून निघाला, फ्यूजमधून गेला, रिलेमधून गेला, वायरनं हॉर्नपर्यंत आला, हॉर्नमधून गाडीच्या बॉडीत उतरला आणि बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला परत. या बॉडीमार्गे परतीच्या वाटेलाच आपण अर्थिंग म्हणतो. एक हॉर्न साधारण तीन ते पाच अँपिअर घेतो. दोन हॉर्न असले की आठ-दहा अँपिअरपर्यंत मजल जाते.

एवढा करंट स्टिअरिंगवरच्या नाजूक बटणातून नेला तर बटणाचे पॉइंट थोड्याच दिवसांत जळतील. म्हणून छोटा रस्ता असतो. बटण दाबलं की रिलेच्या आतल्या कॉइलला अर्थ मिळतो, कॉइलमध्ये चुंबक तयार होतं, ते एक पत्ती ओढून घेतं आणि मोठा रस्ता जोडला जातो. कॉइलला लागणारा करंट पाव अँपिअरही नसतो. पत्ती ओढली गेली की 'टक्' असा बारीक आवाज येतो. हा 'टक्' लक्षात ठेवा.

आणि हॉर्नच्या आत? पोलादाचा एक पातळ पडदा आणि त्यामागे चुंबकाची कॉइल. करंट आला की पडदा ओढला जातो, ओढला गेला की आतला पॉइंट उघडतो आणि करंट तुटतो, तुटला की पडदा परत जागेवर, परत करंट. दारावरच्या जुन्या विजेच्या घंटीसारखंच. हे सेकंदाला चारशे-पाचशे वेळा होतं, तोच आपल्याला आवाज म्हणून ऐकू येतो. दोन हॉर्न असतील तर एक थोडा जाड आवाजाचा, एक बारीक. दोन्ही मिळून जो भरदार आवाज येतो, तो आपल्या ओळखीचा.

पहिली पायरी: ऐका

गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावलेला, इंजिन बंद. एक सूचना: रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, तिथं हात घालू नका.

बॉनेट उघडा. फ्यूजबॉक्स बहुतेक वेळा बॅटरीच्या आसपास असतो. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो, त्यात हॉर्नचं भोंग्यासारखं चित्र शोधा. फ्यूज कुठला आणि रिले कुठला ते कळेल. नाही कळलं तर गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढा. आता घरातल्या कुणाला तरी बटण दाबायला सांगा, चावी ऑन लागत असेल तर ऑन करून, आणि रिलेवर बोट ठेवा.

'टक्' झालं, म्हणजे बटण, स्टिअरिंग आणि कॉइल ठीक आहेत. बिघाड रिलेच्या पुढे आहे, किंवा रिलेच्या पत्तीत, किंवा मोठ्या रस्त्याच्या फ्यूजमध्ये.

'टक्' झालं नाही, तर बिघाड अलीकडे आहे: बटण, स्टिअरिंगमधली केबल, कॉइल किंवा कॉइलला पुरवठा करणारा फ्यूज.

एका आवाजानं अर्धी गाडी संशयातून सुटली. मी हे केलंच नव्हतं.

नव्या काही गाड्यांत मध्ये कंट्रोल युनिट असतं आणि रिले त्याच्या सर्किटवरच बसवलेला असतो, वेगळा काढता येत नाही. तिथं फ्यूज, हॉर्न आणि अर्थिंग एवढंच घरी बघा, पुढचं वायरमनकडे.

दुसरी पायरी: फ्यूज

'टक्' झालं तरी फ्यूज बघाच, कारण काही गाड्यांत कॉइलचा पुरवठा वेगळ्या फ्यूजवरून येतो. फ्यूज उपटून उजेडात धरा, आतली तार तुटलेली दिसते. रंगावरून अँपिअर कळतात: लाल १०, निळा १५, पिवळा २०.

उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. त्याआधी हॉर्नचे कपलर काढा आणि मग बटण दाबा. फ्यूज टिकला तर हॉर्न आतून शॉर्ट झालाय. कपलर काढूनही उडाला तर वायर कुठंतरी पत्र्याला घासून सोललीय.

पुन्हा पुन्हा उडतो म्हणून मोठा फ्यूज घालू नका, आणि सिगरेटच्या पाकिटातली चांदी तर अजिबात नको. फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेली कच्ची जागा. ती पक्की केली की पुढच्या वेळी वायर पेटते.

तिसरी पायरी: रिले

रिलेला चार पाय असतात आणि बहुतेक रिलेंवर त्यांचे आकडे छापलेले असतात: ३०, ८५, ८६, ८७. ३० म्हणजे फ्यूजकडून आलेला करंट, ८७ म्हणजे हॉर्नकडे जाणारा. ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोकं.

त्याच बॉक्समध्ये अगदी त्याच नंबरचा दुसरा रिले असेल तर अदलाबदल करून बघा. यात खर्च शून्य. तसा रिले नसेल तर रिले काढा आणि सॉकेटमधल्या ३० आणि ८७ या जागा, मध्ये फ्यूज असलेल्या वायरच्या तुकड्यानं क्षणभर जोडा. हॉर्न वाजला तर पुढचं सगळं ठीक, रिले किंवा बटणाकडची बाजू बिघडलीय. नाही वाजला तर पुढे चला.

चौथी पायरी: हॉर्न डायरेक्ट करा

हॉर्नचं कपलर काढा, फ्यूज घातलेल्या वायरनं बॅटरीचा पॉझिटिव्ह हॉर्नला द्या, दुसरा पाय निगेटिव्हला. एकच पाय असेल तर हॉर्नची पट्टी निगेटिव्हला जोडा. एक-दोन सेकंद, जास्त नको, आणि कान लांब ठेवा.

वाजला तर हॉर्न चांगला आहे. काकांनी माझा जुना, काढून टाकलेला हॉर्न असा डायरेक्ट केला आणि तो गल्लीभर ऐकू जाईल असा वाजला. नवी जोडी मी उगाच आणली होती.

पाचवी पायरी: मीटर खरं बोलतो, पण अर्धंच

आता माझ्या गाडीत रिलेचा 'टक्' होता, फ्यूज ठीक, रिले बदलून झाला, हॉर्न चांगला. मी मल्टिमीटर घेतला, हॉर्नच्या कपलरवर लावला, मुलीला बटण दाबायला सांगितलं. मीटरवर १२.३ व्होल्ट.

मी म्हटलं, "काका, करंट तर येतोय!"

काका म्हणाले, "करंट कुठं बघितलास? व्होल्टेज बघितलंस. बल्ब लाव."

इंडिकेटरचा साधा २१ वॉटचा बल्ब, त्याला दोन वायरी. कपलरवर लावला. तार नुसती लालसर झाली, उजेड नाहीच.

हे कसं, ते ठिबकवाल्यांना लगेच कळेल. फिल्टर चोंदलेला असतो. पुढचा कॉक बंद असताना गेजवर प्रेशर पूर्ण दिसतं. कॉक उघडला, पाणी वाहायला लागलं, की प्रेशर धाडकन खाली येतं आणि शेवटच्या ओळीला थेंब पोचत नाही. मीटर म्हणजे बंद कॉकवरचं गेज. तो जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, म्हणून खराब जोडातूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. बल्ब मात्र पावणेदोन अँपिअर मागतो, तिथं जोडाची लायकी उघडी पडते. हिशेब साधा आहे: वाटेत एका ओहमचा अडथळा असेल आणि त्यातून चार अँपिअर जायचे असतील, तर चार व्होल्ट वाटेतच गळतात. बारातले आठ उरतात, त्यावर हॉर्न घोगरा वाजेल किंवा वाजणारच नाही.

म्हणून टेस्ट लॅम्प घ्यायचा तर तारेच्या बल्बचा घ्या. एलईडीचा टेस्टर या कामाला उपयोगाचा नाही, तो जरासा करंट मिळाला तरी पेटतो आणि आपल्याला फसवतो. उलट जिथं एअरबॅग किंवा कॉम्प्युटरच्या वायरी आहेत, तिथं हा तारेचा बल्ब कधीच लावू नका.

सहावी पायरी: येणारी वाट खराब की जाणारी?

बल्बचा एक पाय कपलरच्या करंटच्या टोकाला ठेवा, दुसरा थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, आणि बटण दाबायला सांगा. बल्ब लख्ख पेटला तर करंट नीट येतोय, अर्थिंग खराब आहे. हॉर्न ज्या बोल्टनं बसवलाय तो सोडा, पॉलिश पेपरनं गंज आणि रंग घासून चकचकीत करा, आवळा, वरून थोडं ग्रीस. पुढून ठोकर बसून पेंटिंग झालेल्या गाड्यांत हे फार होतं. पट्टीवर रंग बसतो आणि अर्थ तुटतो.

माझा बल्ब तसा लावूनही मंदच राहिला. म्हणजे येणारी वाट खराब.

वायर धरून मागे मागे गेलो. बंपरच्या आत, खालच्या बाजूला, काळ्या टेपचा एक गोळा हाताला लागला. पावसाळ्यात बंपर एका खांबाला घासला होता, तो मी काढून बसवून घेतला होता. त्या वेळी वायर ओढली जाऊन तुटली असणार आणि कुणीतरी दोन टोकं पिळून वरून टेप मारली होती. टेप सोडली तर आत हिरवं पीठ. तांब्यात पाणी शिरलं की असंच होतं. पिळा इतका खाल्ला गेला होता की हातात येताच तुटला.

आठवडाभर आधी हॉर्न एकदा चुकला आणि मग वाजला, त्याचंही उत्तर इथंच होतं. खड्ड्यात गाडी आपटली की दोन तारा कधी टेकायच्या, कधी सुटायच्या.

खराब भाग कापून टाकला, चांगलं तांबं लागेपर्यंत सोललं, सोल्डर केलं, वरून गरम केल्यावर आवळणारी नळी चढवली आणि जोड पाणी उडणार नाही अशा जागी वर बांधला. बल्ब लख्ख. कपलर लावलं, हॉर्न वाजला. सगळं काम अर्ध्या तासाचं.

'टक्' होत नसेल तर

आता दुसरी बाजू. रिले काढा. सॉकेटमध्ये कॉइलच्या दोन जागांपैकी बहुतेक गाड्यांत एकीवर बारा व्होल्ट असतात. दुसरी जागा बटणाकडे जाते. मीटर 'बीप'वर ठेवा, एक टोक बॉडीला, एक त्या दुसऱ्या जागेत, आणि बटण दाबायला सांगा. बीप आला तर बटण ठीक. नाही आला तर बिघाड स्टिअरिंगमध्ये.

स्टिअरिंग फिरतं, पण वायर तुटायला नको, म्हणून आत एक चपटी पट्टी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. ती तुटली की सहसा एकटा हॉर्न जात नाही. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो, स्टिअरिंगवरची आवाजाची बटणं मरतात. किंवा स्टिअरिंग सरळ असताना हॉर्न वाजतो आणि वळवलं की नाही. ही लक्षणं दिसली तर तिथंच थांबा.

हे मी जोर देऊन सांगतो. त्याच पट्टीतून एअरबॅगची वायर जाते. एअरबॅगमध्ये स्फोटक असतं. यूट्यूब बघून स्टिअरिंगचं तोंड उघडू नका. हे काम ज्याला येतं त्याच्याकडेच द्या. तो आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढील आणि कंपनीनं सांगितलेला वेळ थांबेल. न थांबता हात घालणारा दिसला तर गाडी परत घेऊन या. आणि एअरबॅगचा दिवा लागलाय म्हणजे प्रश्न फक्त हॉर्नचा नाही, गरजेच्या वेळी बॅगही उघडणार नाही.

आवाज बसला असेल, किंवा थांबतच नसेल

आवाज पातळ झाला तर दोनपैकी एक हॉर्न मेलाय का ते बघा. एकेकाचं कपलर काढलं की कळतं. शंखासारख्या हॉर्नचं तोंड खाली हवं, वर असेल तर पावसाचं पाणी साठतं. चपट्या हॉर्नला मागे एक छोटा स्क्रू असतो. तो पाव-पाव आटा फिरवून आवाज सुधारतो, पण आधी जोड आणि अर्थिंग तपासा.

हॉर्न एकसारखा वाजत राहिला तर घाबरू नका, रिले उपटा. रिले काढल्यावर थांबला तर एकतर रिलेची पत्ती चिकटलीय, नाहीतर बटणाची वायर पत्र्याला टेकलीय. तेवढ्यात शेजारी जमा होतात, पण त्याला इलाज नाही.

आणि जुना हॉर्न बंद पडला म्हणून कर्णकर्कश किंवा गाणी वाजवणारा बसवायचा मोह टाळा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ११९ तसे बहुसुरी, कर्कश हॉर्न बसवायला मनाई करतो. विनाकारण हॉर्न वाजवण्यालाही २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४-एफ नुसार पहिल्या वेळी १,००० आणि पुढच्या वेळी २,००० रुपये दंड आहे. हॉर्न बाकी वेळ गप्प असावा, पण लागेल त्या क्षणी बोलला पाहिजे.

शेवटी

हेही खरं, की त्या रात्री आम्हाला ब्रेकनं वाचवलं आणि कमी वेगानं. हॉर्न वाजला असता तरी ट्रॅक्टरच्या आवाजात त्या ड्रायव्हरला ऐकू आला असता का, ते मी सांगू शकत नाही. पण त्याला सावध करायची जी एक संधी होती, ती दोन पिळलेल्या तारांनी घालवली. आणि आठवडाभर आधी इशारा मिळूनही मी हललो नाही. पूर्ण बंद पडलेला हॉर्न निदान माहीत तरी असतो. कधी वाजतो, कधी नाही, असा हॉर्न जास्त वाईट, कारण आपण त्याच्यावर भरवसा ठेवून बसतो. एकदा चुकला की त्याच दिवशी बॉनेट उघडा.

काकांना मी विचारलं, तुम्हाला हे सगळं कसं सुचतं. ते म्हणाले, "लाइनीला पिवळी पाटी बघितलीस नव्हं? 'सी/फा' लिहिलेली. पुढं फाटक हाय, शिट्टी दे. समोर माणूस दिसू दे, न दिसू दे, तिथं द्यायचीच. मग निघताना शिट्टी वाजतीया का नाही, हे बघून निघायला नको?"

त्यात सगळं आलं. आता आमच्याकडे गावाबाहेर जायचं असलं की आई मागे बसते, पट्टा लावते, चष्मा सारखा करते आणि म्हणते, "वाजव बरं एकदा."

मी वाजवतो. एकदाच, थोडा. मग निघतो.